परत करायला नेलेला व्हायोला

नंदुरबार जिल्ह्यात लोक तोरणमाळ बघायला जातात, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जातात, नाहीतर प्रकाशाला तापीत बुडी मारायला जातात. मी गेले ते एक व्हायोला परत करायला. परतल्यापासून जो तो विचारतो, "काय गं, कशी झाली ट्रिप?" मी मिरचीचं सांगते, भरताचं सांगते आणि उरलेलं गिळून टाकते. ते फार दिवस गिळता येणार नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी व्हायोला म्हणजे काय ते सांगायला हवं. गेली बावीस वर्षं ते सांगण्यातच माझा अर्धा जन्म गेला आहे. व्हायोलिनसारखाच दिसतो, थोडा मोठा असतो, आवाज खालचा आणि जाडसर. वाद्यवृंदात चाल वाजवतात व्हायोलिनवाले, पाया धरतात चेलोवाले. आम्ही मधे. घरातल्या थोरल्या जावेसारखं. सगळं तिच्यावर चाललेलं असतं आणि फोटोत ती अर्धीच दिसते.

हा व्हायोला माझा नव्हे, उत्तमसरांचा. सर शहादा तालुक्यातल्या शेतकरी घरातले. मुंबईत त्यांनी चाळीस वर्षं सिनेमाच्या गाण्यांत व्हायोला वाजवला, एकाही रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नाव नाही. मी त्यांची विद्यार्थिनी. आठ वर्षांपूर्वी ते गावी परतले तेव्हा त्यांनी हे वाद्य माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाजवतेस तोवर तुझा. सोडशील तेव्हा मला आणून दे. विकायचा नाही, कपाटात ठेवायचा नाही."

मी सोडणार होते. खांदा दुखतो हे एक कारण होतं, पण ते लोकांना सांगायचं. खरं कारण डिसेंबरातलं. रेकॉर्डिंगला बोलावून दीड तास बसवून ठेवल्यावर कीबोर्डपाशी बसलेला एक तरुण संयोजक अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, मधलं आम्ही मशीनवर भरून घेतो. तसं ते ऐकू थोडंच येतं कुणाला!" मला राग यायला हवा होता. आला नाही, उलट पटलं. घरी येऊन पेटी मिटली ती दोन महिने उघडली नाही. पुण्यातल्या एका शाळेनं जूनपासून संगीतशिक्षिकेची जागा देऊ केली होती, त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. म्हणून त्याआधी व्हायोला पोचवून मोकळं व्हायचं ठरवलं.

शहादा, शुक्रवार

पुण्यापासूनचा प्रवास सांगण्यासारखा नाही. शेवटच्या तासाचं मात्र सांगते, कारण घात तिथेच झाला. धुळ्याहून पकडलेल्या एसटीत कंडक्टरनं माझ्या मांडीवरच्या पेटीकडे बघून विचारलं, "हाई काय शे? व्हायोलिन?"

"व्हायोला."

"मंग व्हायोलिनच ना! वर ठेवा बाई, उतारूले बठाले जागा नही शे."

मी पेटी वरच्या फळीवर ठेवली. एरवी मी तसं कधीच करत नाही. पण जे सोडायचंच ठरलंय त्याचे लाड कोण करतं? पुढच्या थांब्यावर कुणीतरी त्या पेटीवर एक भरलेलं पोतं टेकवलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि रस्ता असा की बसलेला माणूस आपोआप उभा राहावा.

शहाद्याच्या स्टँडसमोरच्या लॉजमध्ये तोंड धुऊन पेटी उघडली. व्हायोलाची वरची फळी कडेच्या पट्टीपासून सुटली होती. तीन बोटं लांब फट, तिच्यात नख जाईल एवढी. देणेकऱ्यानं निदान वस्तू धड तरी परत करावी! लॉजच्या मॅनेजरनं डोकावून बघितलं आणि म्हणाला, "रशीदचाचाकडे लई जा. बँडवालास्ना समदा बाजा तोच नीट करस."

रशीदचाचांचं दुकान बाजारामागच्या गल्लीत. बसायला एक पोतं, आजूबाजूला हार्मोनियमचे भाते, ढोलक्या, एक पोचे पडलेली तुतारी. सत्तरीचा किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी काही विचारलं नाही. व्हायोला कानाशी धरला आणि बोटाच्या पेरानं कडेकडेनं टकटक करत गेले, कलिंगड निवडतात तसं. मग म्हणाले, "येन्हा आवाज जाडा शे. हाई व्हायोलिन नही, बेटा."

बावीस वर्षांत न सांगता ओळखणारा हा दुसरा माणूस. पहिले सर.

"तुटलाय का हो?"

"तुटना नही, सांधा सुटना. सांधा सुटना म्हनीसन लाकूड वाचनं." त्यांनी कोपऱ्यातला एक डबा दाखवला. त्यात सरसाचे तपकिरी खडे होते. "बाजारना पांढरा गोंद लावतात ना, तर सांधा सुटता नही, फळी फाटी जाती. सरस सुटस, पन परत लावता येस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कितला दिनपासून वाजाडं नही?"

"दोन महिने."

"तरीच. वाजाडात ते लाकूड जागं ऱ्हास." एवढंच बोलून ते सरस भिजत घालायला उठले. रविवारी सकाळी न्या म्हणाले.

संध्याकाळी रिकाम्या हातांनी सरांच्या घरी पोचले. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या पुढे त्यांचं गाव. हंगाम चालू होता, सगळ्या हवेला मळीचा आंबूस-गोड वास. सर ओसरीवर बसले होते. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात यंत्र. व्हायोलाचं थोडं काम निघालं म्हणून रशीदचाचांकडे ठेवलाय, असं मी दोनदा ओरडून सांगितलं.

"मग चांगल्या हातात आहे," सर म्हणाले. चाळीस वर्षं मुंबईत काढल्यामुळे ते माझ्याशी माझ्यासारखंच बोलतात.

सोडतेय हे काही मी बोलले नाही. वस्तू हातात नसताना ती परत करण्याची भाषा कशी करायची, अशी स्वतःची समजूत घातली.

सरांच्या पत्नी सुमनकाकींनी जेवायला वाढलं. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्या पुण्यात भरताला तेल दाखवतात, इथे वाढतात. मी "पुरे, पुरे" म्हणत राहिले आणि काकी "खाई ले वं माय, तुन्हा हातमा जीवच नही शे" म्हणत वाढत राहिल्या. हाताला जीव नाही हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

चिंचपाडा, शनिवार

"आलीच आहेस तर तुला एक जागा दाखवतो," सर म्हणाले. सकाळच्या एसटीनं प्रकाशाजवळ तापी ओलांडून नंदुरबारला आलो. गावाबाहेर मिरचीच्या पथारी लागल्या. जमिनीवर नजर पोचेल तिथवर लालभडक मिरची वाळत घातलेली. बघायला देखणी, पण वारा आमच्याच दिशेनं होता. अख्खी एसटी खोकायला लागली. ड्रायव्हर, कंडक्टर, कडेवरची पोरं, सगळे. सर खोकता खोकता म्हणाले, "बघ, एवढे लोक एकदम तालात! आपल्या वाद्यवृंदाला कधी जमलं नाही."

नंदुरबारहून पॅसेंजरनं चिंचपाडा. सपाटी संपून टेकड्या आल्या, डब्यातलं बोलणं बदललं. आता कानावर येत होती ती इथल्या आदिवासींची कोकणी आणि भिली, मला एक अक्षर कळत नव्हतं. स्टेशनातून चालत मिशनच्या दवाखान्यापाशी आलो. फाटकातून ड्यूटी संपवून बाहेर पडणाऱ्या एका नर्सनं विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"मीच," सर म्हणाले. "साठ वर्षांपूर्वीचा."

ती क्षणभर गोंधळली, मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "जुना केसपेपर आणलाय का?" आणि स्वतःच खुदकन हसली.

झाडाखालच्या पारावर बसून सरांनी सांगितलं. नऊ वर्षांचे असताना उसानं भरलेल्या बैलगाडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. तेव्हाच्या व्हरांड्यात दीड महिना प्लास्टरमध्ये पडून होते. रविवारी दवाखान्यातली माणसं प्रार्थनेची गाणी म्हणायची, चार वेगवेगळ्या सुरांत एकदम. सरांची खाट अगदी टोकाला होती आणि तिच्या शेजारच्या खिडकीपाशी मधल्या सुरात गाणाऱ्या दोन नर्सबाया उभ्या राहायच्या.

"मला त्यांचंच ऐकू यायचं. तेच पाठ केलं. घरी जाऊन आईला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, 'हाई कसं गानं रे, येले ना आगा ना पिछा.' आठ-दहा वर्षं मी तेच गाणं समजून गुणगुणत होतो. मुंबईत कुठल्याशा चर्चवरून जाताना ते ऐकलं आणि कळलं, की खरी चाल निराळीच आहे. मी म्हणत होतो ते चालीच्या पोटातलं होतं."

"फसल्यासारखं वाटलं असेल."

"नाही गं. मी रस्त्यात उभाच राहिलो. वाटलं, सगळे हे गाणं बाहेरून ऐकतायत. मी एकटाच आत राहून आलोय." मग म्हणाले, "पुढे व्हायोलिन शिकायला लागलो तेव्हा मास्तर म्हणाले, व्हायोलाला माणूस मिळत नाही, वाजवशील? लोक नाराज होऊन वाजवायचे. मला घरी आल्यासारखं झालं."

मला फार लाज वाटली. ज्यानं ही जागा हौसेनं धरली त्याला मी उद्या सांगणार होते, की ती कुणाला ऐकूच येत नाही. परतीच्या गाडीत सर खिडकीशी झोपले. यंत्र कानातून काढून खिशात ठेवलं होतं. आता त्यांना काय ऐकू येतं, हे विचारायचा धीर झाला नाही.

सरांचं गाव, रविवार

सकाळीच शहाद्याला जाऊन व्हायोला आणला. फट कुठे होती ते मलाही शोधावं लागलं. "आज हलकं वाजाड," चाचा म्हणाले, "उद्यापासून दाबीसन." उद्यापासून वाजणार नाही हे त्यांना सांगितलं नाही.

परतले तर सर केळीच्या बागेत गेले होते आणि अंगणात बिबड्यांचा घाट चालला होता. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. शिजवलेलं तिखट-मिठाचं पीठ गरम असतानाच हातानं थापायचं आणि कापडावर उन्हात टाकायचं. शेजारच्या पाच-सहा बायका आल्या होत्या. इथे हे काम एकटीनं करायची पद्धत नाही. आज माझ्या घरचं, उद्या तुझ्या घरचं. आमच्या सोसायटीत पापड पाकिटातून निघतात आणि शेजारीण लिफ्टमध्ये भेटते. मीही हात लावला. माझी बिबडी भारताच्या नकाशासारखी झाली, तिखटाचे हात डोळ्याला लागले, बायकांची करमणूक झाली.

काकी माझ्याशेजारी थापत होत्या. एकाएकी आवाज उतरवून म्हणाल्या, "तुले एक इचारू? त्यास्ले सांगू नको."

"विचारा ना."

"त्या चाळीस वरीस काय वाजाडेत?"

'त्या' म्हणजे सर, एवढं कळलं, पण प्रश्न कळला नाही. काकी हातातलं पीठ दाबत राहिल्या. "रेडिओवर गानं लागे. त्या म्हनेत, 'ऐक सुमन, आते मी शे.' मी कान लावू. गानारीना आवाज येवे, बासरी येवे. त्या काही माले ऐकू नही ऊनात. एकदाबी नही. त्या मन्हा तोंडकडे देखेत, मंग मी म्हनू, 'हा, ऊनं, ऐकू ऊनं.' चाळीस वरीस खोटं बोलनू मी. आते त्यास्लेच ऐकू येत नही. माले एकदाव तरी ऐकनं व्हतं वं."

मी थापायची थांबले. संयोजकानं जे हसत सांगितलं तेच काकी रडवेल्या होऊन सांगत होत्या. फरक एवढाच, की त्याला ऐकायचंच नव्हतं आणि ही बाई चाळीस वर्षं कान लावून बसली होती. त्या क्षणी शाळा, खांदा, सोमवार, सगळं मागे पडलं. काकींना हे ऐकू यायलाच हवं होतं, आणि आजच.

हात धुऊन पेटी उघडली. बायका सरसावल्या. "वाजाड वाजाड! एखादं चांगलं गानं!" सरांनी वाजवलेलं एक जुनं सिनेमातलं अंगाईगीत आहे, खानदेशापासून कोकणापर्यंत प्रत्येक बाईला येतं. सरांनी त्यातली आपली ओळ मला लिहून दिली होती, मी ती कार्यक्रमांत शंभरदा वाजवली आहे. डोळे मिटून दोन कडवी वाजवली.

बायका अजून वाटच बघत होत्या. शेवटी एक म्हातारी मायेनं म्हणाली, "व्हयनं का सूर लावनं? आते गानं वाजाड."

हसावं की रडावं कळेना. व्हायोलावालीच करू जाणे अशी चूक! बावीस वर्षांत मी त्या गाण्याची चाल एकदाही वाजवली नव्हती. ती बोटांत नव्हतीच. मी म्हटलं, "मला एवढंच येतं. तुम्हीच गा, मी खाली वाजवते."

त्यांनी बिबड्या थापता थापता सुरुवात केली. सूर त्यांनी आपल्या सोयीचा धरला, मला बोटं सरकवून गाठावा लागला. पण दुसऱ्या ओळीला मी आत शिरले आणि म्हातारीनं मान वर केली. ती मोठ्यानं गायला लागली. सगळ्याच लागल्या. कडव्याच्या मध्यावर माझा तिखटाचा डोळा झोंबला, मी गज थांबवला. त्याबरोबर गाणंही रेंगाळलं.

"काबर थांबनी वं?" म्हातारी म्हणाली. "गानं उघडं पडी गयं!"

काकी माझ्याकडे बघत होत्या. पीठ त्यांच्या हातात निवून चाललं होतं. मी म्हटलं, "काकी, मोबाइलवर हे गाणं आहे ना? आणा."

मोठा आवाज यावा म्हणून मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला. तेवढ्यात सर बागेतून आले आणि बायकांचा घोळका बघून दाराशीच थबकले. काकींनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. मी काकींना सांगितलं, "मी सरांचीच ओळ वाजवते, गाण्यातल्या सरांबरोबर. आधी मोठ्यानं, मग बारीक. तुम्ही फक्त मला धरून राहा."

गाणं सुरू झालं. गायिकेच्या खाली मी सरांची ओळ भरघोस वाजवली. कडवं संपेपर्यंत गज हलका केला, मग आणखी हलका. काकींनी डोळे मिटले होते, ओठ घट्ट. दुसऱ्या कडव्याला मी गज तारांना नुसता टेकवला, आणि तिसऱ्याला उचलून घेतला. आता मी काहीच वाजवत नव्हते. पातेल्यातून फक्त चाळीसेक वर्षांपूर्वीचं गाणं येत होतं.

"शे," काकी म्हणाल्या. मग जरा वेळानं, "शे... अजून शे."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. माझा गज गुडघ्यावर होता. त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी मान खाली घातली. त्या सरांकडे वळल्या. सर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रेडिओपाशी बसून बघत असतील तसेच. त्यांना गाणं ऐकू येत नव्हतं.

"ऊनं का?" सरांनी विचारलं.

काकी त्यांच्याजवळ सरकल्या. पिठाच्या हातानं त्यांचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर बोटानं वाजवायला लागल्या, चाल नव्हे, खालची ओळ. थोडी मागे-पुढे होत होती, पण तीच. सर एकदम ताठ बसले. मग त्यांची बोटं काकींच्या बोटांबरोबर हलायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका बाईनं पदर पुढे केला तेव्हा मी मिरचीचं नाव सांगितलं.

त्या दिवशीच्या अर्ध्या बिबड्या जाड झाल्या. कुणी तक्रार केली नाही.

दुपारी सर व्हायोला मांडीवर घेऊन बसले. अंगठा कडेकडेनं फिरवत सांध्यापाशी आले आणि थांबले. चाचांचं काम त्यांनी बरोबर ओळखलं. "कशासाठी आली होतीस ते बोलली नाहीस," ते म्हणाले.

हीच ती वेळ होती, ज्यासाठी मी एवढ्या लांब आले होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. "परत करायला आले होते, सर. आता नाही करत."

त्यांनी मान हलवली. सगळं ऐकू आलं की नाही, माहीत नाही. व्हायोला मात्र त्यांनी स्वतः पेटीत ठेवला, कापड नीट पांघरलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली.

सोमवारी सकाळी शहाद्याच्या स्टँडवरून शाळेला नाही म्हणून कळवलं. रेकॉर्डिंगं परत येतील असं मला वाटत नाही. काम कुठून मिळेल, तेही ठाऊक नाही. काकींनी दिलेलं बिबड्यांचं बोचकं मी एसटीच्या वरच्या फळीवर टाकलं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "ती पेटीबी वर ठेवा ना बाई."

"नाही, मांडीवरच असू दे. वाजवायचाय."

"कव्हय?"

"उद्यापासून," मी म्हटलं. "दाबून."